संदेश आणि मंडळी: भाचीस पत्र

चि. भाचीस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर कागदावर लिहितोय, कारण फोनवर बोटानं लिहायला लागलो की माझा विचार मध्येच तुटतो. पुण्यातल्या त्या संजीवन सभेत बाहेरून आलेल्या उपदेशकानं तुला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि तू राष्ट्रांसाठी संदेष्टी होणार असं माइकवरून सांगितलं. लोकांनी हालेलूया म्हटलं. आता तू मला दोन गोष्टी विचारतेस. नोकरी सोडावी का? आणि सुट्टीत गावी येशील तेव्हा रविवारच्या भक्तीत उभं राहून आपल्या झोपलेल्या मंडळीला चार खडे बोल सुनवावेत का? पंच बोलू देणार नाहीत, असं तूच वर लिहून टाकलं आहेस.

तू न विचारलेला एक प्रश्न मी विचारतो. हे दान तुला मिळालं असेल तर ते कुणासाठी मिळालं?

इफिसकरांच्या पत्राचा चौथा अध्याय काढ. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक ही यादी तुला पाठच असेल, सभांमधून ती फार ऐकू येते. पण यादीनंतर पौल लगेच त्यांचं काम सांगतो, तिथं कुणी थांबत नाही. विश्वासणाऱ्यांना सेवेच्या कामासाठी तयार करायला ही माणसं दिली आहेत. म्हणजे सेवा करायची ती सगळ्या मंडळीनं. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईनं, एसटीच्या वाहकानं, अंगणवाडीच्या ताईनं. संदेष्टा त्यांना कामाला उभं करतो. त्याच्या बोलण्यानंतर ही माणसं उठली की नाही, एवढंच मी बघतो. हल्लीच्या पुष्कळ सभांत उलटं चालतं. लोक आपापलं भविष्य घेऊन घरी जातात: लग्न कधी, व्हिसा कधी, घर कधी. मंडळी होती तिथंच राहते.

आता अंत्युखियाची गोष्ट घे. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय. यरुशलेमहून काही संदेष्टे तिथं आले. त्यांच्यातल्या अगबानं उभं राहून सांगितलं की मोठा दुष्काळ पडणार आहे. तो क्लौद्य कैसराच्या काळात पडला, असं लूक लिहितो. योसेफस या यहुदी इतिहासकारानंही त्या सुमाराच्या यहूदीयातल्या दुष्काळाची नोंद केली आहे. अदियाबेनेची राणी हेलेना हिनं तेव्हा इजिप्तमधून धान्य आणि सायप्रसहून सुकी अंजिरं मागवून यरुशलेमच्या लोकांना वाटली, असं तो सांगतो. म्हणजे अगब खरा ठरला. पण लूकला त्यात फारसा रस दिसत नाही. भाकीत एका वाक्यात उरकून तो मंडळीकडे वळतो. शिष्यांनी काय ठरवलं? प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावंडांना मदत पाठवायची. मग ती रक्कम बर्णबा आणि शौल यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे पोचवली.

नीट बघ, अगबानं वर्गणी मागितल्याचं लूक लिहीत नाही. कुणी किती द्यावं हेही तो सांगत नाही. तो येणारं संकट सांगतो आणि बाजूला होतो, ठरवते मंडळी. आणि मंडळी कोणती? बरीचशी ग्रीक बोलणारी, यरुशलेमच्या लोकांना थोडी संशयास्पदच वाटणारी. तिला भाकितातून स्वतःच्या कोठाराची चिंता सुचली नाही, दूरच्या भावंडांची भूक सुचली. हवामान खात्याचा अंदाज ऐकून जो पेरणीची तयारी करतो त्याच्याच उपयोगाचा तो अंदाज. बाकीच्यांना नुसती करमणूक. पुढं तेराव्या अध्यायात हीच मंडळी उपास करून बर्णबा आणि शौल यांना बाहेर पाठवते. आपली सगळ्यात चांगली दोन माणसं! तिथंही संदेष्टे आणि शिक्षक एकत्र बसलेले आहेत, ही गोष्ट सोडू नकोस. शिक्षकाशिवायचा संदेष्टा मला धोक्याचा वाटतो. संदेष्ट्याशिवायचा शिक्षक नुसता कंटाळवाणा होतो, तेवढं चालून जातं.

संदेष्ट्यांनी लोकांना कामाला उभं करणं जुन्या करारातही आहे. बंदिवासातून परतलेल्यांनी मंदिराचं काम अर्ध्यावर टाकलं होतं आणि स्वतःची घरं मात्र सजवून घेतली होती. हाग्गय आणि जखऱ्या बोलले, काम पुन्हा सुरू झालं, आणि इ. स. पू. 520 च्या सुमारास पुन्हा हाती घेतलेलं मंदिर 515 मध्ये उभं राहिलं. एज्राच्या पुस्तकात एक बारीकशी नोंद आहे: देवाचे संदेष्टे बांधणाऱ्यांबरोबर होते आणि त्यांना साहाय्य करत होते. झापून घरी गेले नाहीत.

संदेष्टे प्रेषितांबरोबरच संपले असं तुझे काही वर्गमित्र म्हणतात, त्यावर फार वेळ घालवू नकोस. पाया एकदाच घातला जातो, हे मलाही मान्य आहे. पवित्र शास्त्रात कुणी आज नवं पान जोडू शकत नाही. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात मंडळीची उभारणी, उत्तेजन आणि सांत्वन असं जे संदेशाचं काम पौल सांगतो, त्याची गरज संपल्याचं मला तरी कुठल्या मंडळीत दिसलेलं नाही.

त्याच अध्यायात पारख सांगितली आहे. दोघांनी किंवा तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ते तोलावं. दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं गप्प बसावं. तुझ्या त्या सभेत तोलणारे कोण होते? माइक एकाच्या हातात, वाद्यवृंद चालू, आणि उपदेशक दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात. त्याचं बोलणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते तोललं गेलेलं नाही, एवढंच म्हणतो. थेस्सलनीकाकरांना पौल एका दमात सांगतो की संदेश तुच्छ मानू नका आणि सगळं पारखून घ्या. आपल्याकडे अर्धे लोक पहिलं पाळतात, अर्धे दुसरं.

पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांनाही हा त्रास होताच. दिदाखे नावाचं एक फार जुनं लहानसं पुस्तक आहे. त्याचं ग्रीक हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलला 1873 मध्ये सापडलं आणि 1883 मध्ये छापलं गेलं. फिरत्या पाहुण्यांबद्दल त्यातले नियम वाचून मला हसू आलं. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना वाटेपुरती भाकर द्या, पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात येऊन मेजवानी मांडायला सांगितली आणि स्वतःच जेवला तर तोही खोटा. पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. इतकी व्यवहारी माणसं होती ती! मीखानं तर त्याच्याही कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं: तोंडात घास घातला की शांती सांगणारे, आणि न घातला की युद्ध पुकारणारे संदेष्टे.

यिर्मया आणि हनन्या यांचा प्रसंग मात्र सावकाश वाच, अठ्ठाविसावा अध्याय. हनन्यानं भर मंदिरात सांगितलं की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, सगळं परत येईल. यिर्मया काय म्हणाला? आमेन, परमेश्वर तसंच करो. पूर्वीच्या संदेष्ट्यांची आठवण करून दिली. मग हनन्यानं त्याच्या मानेवरचं लाकडी जू लोकांसमोर मोडलं, आणि यिर्मया निघून गेला. त्याला प्रभूचं वचन नंतर आलं, तेव्हा तो परत येऊन बोलला. खरा संदेष्टा गप्प राहू शकतो. आणि पुढच्याच अध्यायात बाबेलमधल्या बंदिवानांना तो पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं कशी काढायची हे त्यांना कळलं. हनन्याच्या संदेशानं लोक खूश झाले असतील, पण त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं.

आता आपल्या मातीतलं. पंडिता रमाबाईंनी स्वतःला संदेष्टी म्हणवून घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले, त्यामुळे भूक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी दैना होत होती तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं, आणि गव्हर्नरचा रोष पत्करला. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये संजीवन झालं तेव्हा रडणं, प्रार्थना, सगळं झालं. त्यानंतर मुलींच्या टोळ्या गावोगाव सुवार्तेला निघाल्या. विणकाम, घाणा, छापखाना, शेती ही मुक्तीतली कामं चालूच होती. मला तिथलं संजीवन खरं वाटतं ते या कामांमुळे. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. मंडळी परक्या वेशात आणि परक्या पैशावर उभी आहे, हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं. पण बोलून थांबले नाहीत. तिच्या हाती भजनं दिली. आजही आपल्या गावात ज्या आजीला वाचता येत नाही तिला टिळकांची पदं तोंडपाठ आहेत. ती प्रार्थनेला उभी राहते ती त्यांच्या शब्दांच्या आधारानं.

म्हणून तुझ्या खडे बोलांबद्दल सांगतो. तू जे लिहिलंस त्यातलं बरंच खरं आहे. कब्रस्तानाच्या जागेवरून दोन घराणी भक्तीत एकमेकांकडे पाहत नाहीत. तरुण पोरं नाताळापुरती दिसतात. पंचांच्या बैठकीत हिशेबावरून जेवढा आवाज चढतो तेवढा प्रार्थनेत कधी चढत नाही. पण नाथान दावीदाकडे कसा गेला ते बघ. चारचौघांत ओरडला नाही. गरिबाच्या एका कोकराची गोष्ट सांगितली आणि राजाला स्वतःच्या तोंडानं न्याय करू दिला. त्यानंतर बोट दाखवलं. शिवाय नाथान त्या दरबारातला होता, उद्याही तिथंच राहणार होता. तू दोन दिवसांसाठी येणार, बोलणार आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाणार. उरलेल्यांनी एकमेकांची तोंडं बघायची?

मुलगी म्हणून तुला बोलू देणार नाहीत ही भीती अगदीच खोटी नाही. आपल्या पंचांना मी ओळखतो. त्यांना फिलिप्पाच्या संदेश सांगणाऱ्या चार मुलींची आठवण मी करून देईन, आणि योशीया राजाचे लोक नियमशास्त्राच्या पुस्तकाबद्दल विचारायला संदेष्टी हुल्देकडे गेले होते त्याचीही. ती बाजू माझ्यावर सोड.

नोकरीबद्दलही त्याच फिलिप्पाच्या घरातलं उदाहरण देतो. अगब तिथं पुन्हा येतो, पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमात या पट्ट्याच्या मालकाला असंच बांधतील. सगळे रडायला लागले, जाऊ नकोस म्हणाले. पौल गेला. संदेश त्यानं नाकारला नाही, पण जायचं की नाही हा निर्णय त्यानंच घेतला. आणि शेवटी सगळ्यांनी प्रभूची इच्छा म्हणून तो मान्य केला. तेव्हा कुणी कितीही मोठ्यानं सांगितलं तरी तुझा निर्णय तुझ्या हातातून जात नाही. नोकरी सोडू नकोस. राष्ट्रं कुठं पळून जात नाहीत.

तुला मिळालेला संदेश वहीत तारखेसह लिहून ठेव. पुण्यात ज्या मंडळीत तुझं नाव आहे तिथल्या पाळकांना आणि एखाद्या वयस्क बहिणीला तो वाचून दाखव, आणि ते दोघं काय म्हणतात ते न भांडता ऐक. गावच्या मंडळीसाठी जे सुचलं आहे ते आधी पाळकसाहेबांना भेटून सांग. त्यांच्यासमोर सांगायला जीभ रेटत नसेल, तर ते व्यासपीठावरूनही सांगू नकोस. आणि सुट्टीत खरंच काही करायचं असेल तर संडे स्कूलला दोन महिने शिक्षक नाही. मुलं बावीस आहेत. येतेस का ते कळव, म्हणजे मी पंचांशी बोलून ठेवतो.

तुझा,
मामा