ऐनवेळी टांग देणारे खेळाडू

प्रश्न : आम्ही नवीन पनवेलला रविवारी दुपारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं होऊन गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. पाचांपैकी दोघे ऐनवेळी टांग देतात आणि गोष्ट लटकते. खेळ चालवणारा गेम मास्टर म्हणून मी काय करू?

उत्तर : आधी वार बदला. रविवारी दुपारी हार्बर मार्गावर अनेकदा मेगाब्लॉक असतो. वाशी-पनवेल लोकल बंद असताना कुर्ल्याहून निघालेल्याला बेभरवशाचा म्हणू नका. शनिवारी संध्याकाळी जमून पाहा.

मग तिघे आले की खेळ होणार, असं ठरवा आणि तो खरंच होऊ द्या. एकासाठी चौघांची सुट्टी वाया जाणं मला अन्यायाचं वाटतं. गेम मास्टर बेन रॉबिन्स यांनी चालवलेल्या ‘वेस्ट मार्चेस’ या खेळात ना वेळ ठरलेली होती, ना गट. जमतील त्यांनी मोहिमेवर जायचं आणि बैठक संपताना गावात परतायचं. तुम्हीही तसंच करा, म्हणजे न आलेल्याचं पात्र गुहेत अडकणार नाही. रागाच्या भरात ते पात्र मारू मात्र नका!

तरीही कोणी न कळवता गैरहजर राहिलं, तर ग्रुपवर टोमणे नकोत, थेट फोन करा. काहींना खेळ मनापासून आवडतो, पण दर आठवड्याला झेपत नाही. त्यांना पाहुण्याची भूमिका द्या. कथेचे मुख्य धागे नियमित येणाऱ्यांच्या पात्रांशी बांधा.