विघटनशील सुतळी घेताना धाग्यातील मिश्रके पाहा

टोमॅटो, काकडी, कारली यांच्या बांधणीसाठी पॉलिप्रॉपिलीनची सुतळी सर्रास वापरतात. पीक काढल्यावर तिचे तुकडे शेतात राहतात किंवा पाल्याबरोबर जनावरांच्या पोटात जातात. यावर पर्याय म्हणून पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे पीएलएचा धागा पुढे आला आहे. मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते व त्यापासून पीएलए बनते. जेजुरी येथे २०२४ मध्ये अशा जैवपॉलिमरचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले. मात्र नुसत्या पीएलएचा धागा ठिसूळ असतो. म्हणून त्यात मिश्रके घालतात.

धागा कसा काढतात?

पीएलएचे दाणे पूर्ण वाळवून सुमारे २०० ते २३० अंश सेल्सिअसला वितळवतात. सोऱ्यातून शेव पाडावी तसा हा रस बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून काढतात, हवेने थंड करतात व ताणतात. ताणल्यामुळे बळकटी येते. दाण्यांत ओल राहिल्यास रेणूंच्या साखळ्या तुटून धागा कमजोर होतो.

मिश्रकांचे परिणाम

१) लवचीकता आणणारी द्रव्ये (उदा. सायट्रिक आम्लाची एस्टर) : ठिसूळपणा कमी होतो, रस सहज वाहतो. प्रमाण जास्त झाल्यास धागा उन्हात सैल पडतो.

२) शंखजिऱ्याची बारीक पूड : धाग्यात स्फटिक लवकर तयार होतात, उष्णतेने आकसणे कमी होते. पूड जाड किंवा गुठळीची असल्यास छिद्रे तुंबतात व धागा तुटतो.

३) साखळी जोडणारी द्रव्ये : तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळतात. अतिरेक झाल्यास रसात गाठी होतात.

४) काजळी : उन्हापासून धाग्याचे रक्षण करते.

खरेदी व वापर करताना

पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडू लागते. उन्हात तापलेली लोखंडी तार हवेपेक्षा बरीच गरम असते. म्हणून उन्हाळी पिकात आधी एक-दोन ओळींवरच सुतळी वापरून पाहावी. ताण सहन होतो का, गाठ सरकते का, हे फळांचे वजन आल्यावर तपासावे.

आयएस/आयएसओ १७०८८ हे कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे मानक आहे. त्याचा अर्थ सुतळी जमिनीत आपोआप कुजेल असा नाही. साध्या मातीत पीएलए वर्षानुवर्षे टिकू शकते. म्हणून सुतळी शेतात न गाडता बारीक तुकडे करून कंपोस्टच्या ढिगात टाकावी. ढीग काही आठवडे ५५ ते ६० अंश तापलेला राहिला, तरच ती नीट कुजते.

साध्या प्लॅस्टिकमध्ये धातूंचे क्षार मिसळून ‘विघटनशील’ म्हणून विकलेला माल मात्र टाळावा. उन्हाने त्याचा केवळ भुगा होतो आणि तो मातीतच राहतो. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा मालाच्या विक्रीवर बंदी घातली आहे. तेव्हा सुतळी कशाची आहे व कोठे कुजते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.