बोलपटातला कृष्ण : शाहू मोडक

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचे गोपाळकाल्याचे छोटे नाटक आहे. कृष्ण कोण होणार, यावरून वाद झाला. ज्याचा गळा सगळ्यांत गोड, त्या मित्राच्या घरी येशूची प्रार्थना करतात. एक जण म्हणाला, "थो कसा कृष्ण होईन बे?" सगळे हसले. मी पण हसलो. तो काही न बोलता मागे जाऊन बसला.

गुरुजींनी हे ऐकले. ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला शाहू मोडक यांची माहिती सांगितली. तीच मी येथे देत आहे.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ख्रिस्ती कुटुंबात झाला. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसे नुसते ओठ हलवीत. १९३१ साली 'आलमआरा' हा भारतातील पहिला बोलपट आला. १९३२ साली मराठीत 'अयोध्येचा राजा' आला. त्याच वर्षी भालजी पेंढारकर यांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटात शाहू कृष्ण झाले. वय फक्त चौदा! राधा झाल्या होत्या शांता आपटे. हा बोलपट खूप गाजला.

त्या काळी गाणारा वेगळा आणि ओठ हलवणारा वेगळा, असे नव्हते. चित्रण चालू असतानाच नटाला स्वतः गावे लागे. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून गोड गळ्याच्या नटाला फार मान होता.

१९३९ साली 'माणूस' या चित्रपटात ते पोलीस झाले. १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरांनाही 'संन्याशाची पोरे' म्हणून लोकांनी दूर लोटले होते ना? पुढे कितीतरी चित्रपटांत शाहू कृष्णच झाले. ११ मे १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

हे ऐकून वर्गात सगळे गप्प झाले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. सुट्टीत मी मित्राजवळ गेलो न् म्हटलं, "चाल ना गड्या, तालीम करू." आधी तो बोलेचना. मग हळूच उठला. आता बासरी त्याच्याच हाती आहे, आणि मी पेंद्या झालो आहे.

पालकांनी नाटक पाहायला अवश्य यावे.