मातीच्या पोटातलं विष

वाचनापूर्वी हे शब्द पाहा
गाळ – नदीच्या किंवा हंड्याच्या तळाशी बसणारी बारीक माती
कीड – पिकाचं नुकसान करणारे किडे
चिवट – लवकर न तुटणारं, न संपणारं
उपसणे – तळातून वर काढणे
पाठपुरावा – काम होईपर्यंत मागे लागणे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा नकाशा बघा. त्याचा खालचा भाग हातमोज्यासारखा दिसतो ना? त्या हातमोज्याच्या जवळजवळ मधोमध सेंट लुईस नावाचं छोटं गाव आहे. (मिसूरी राज्यातलं मोठं शहर वेगळं!) गावातून पाइन नदी वाहते. नदीकाठी १९३६ साली रसायनांचा एक कारखाना सुरू झाला आणि पुढे तिथे डीडीटी तयार होऊ लागलं.

डीडीटी म्हणजे कीटक मारणारं औषध. डास, उवा, पिकांवरची कीड, सगळ्यांवर ते चालायचं. लोकांना ते वरदानच वाटलं. त्याचा हा गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

मग अडचण कुठे आली? डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते मातीच्या कणांना आणि प्राण्यांच्या चरबीला चिकटतं. त्यामुळे नदीत गेलेलं बरंचसं डीडीटी तळाच्या गाळात जाऊन बसलं. मातीतलं डीडीटी निम्मं व्हायलाच २ ते १५ वर्षं लागू शकतात!

अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. १९७८ साली हा कारखाना बंद झाला. तो पाडून त्याच जागी पुरला. भोवती जमिनीत भिंत घातली आणि वर चिकणमातीचा थर दिला. नदीतला गाळ मात्र तसाच राहिला. सगळ्यांना वाटलं, झालं काम!

पण माशांमधलं डीडीटी काही कमी होईना. गावकऱ्यांनी समिती केली, पाठपुरावा केला. शेवटी १९९८ साली ईपीए या सरकारी संस्थेने गाळ उपसायला घेतला. ते काम कित्येक वर्षं चाललं.

तेवढ्यावरही गोष्ट संपली नाही. कारखान्याजवळच्या घरांच्या अंगणात रॉबिन पक्षी मरून पडायचे. असं का व्हायचं?

मराठी शाळेत आम्ही शिकलो होतो, 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र.' गांडूळ माती खातं आणि ती भुसभुशीत करतं. पण मातीत डीडीटी असेल, तर तेही गांडुळाच्या पोटात जातं. समजा, एका गांडुळात विषाचा १ कण आहे. रॉबिनने ५० गांडुळं खाल्ली, तर त्याच्या अंगात ५० कण जमतील. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने मेलेले रॉबिन तपासले. २०१४ साली समजलं, की त्यांच्या मेंदूत जीवघेण्या प्रमाणात हे विष होतं. कारखाना बंद होऊन तेव्हा ३६ वर्षं झाली होती.

रेचल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात गांडूळ आणि रॉबिन यांची हीच साखळी १९६२ साली दाखवली होती.

ज्या अंगणात मुलं खेळतात, तिथलीच ही माती होती. ईपीएने या वस्तीतल्या अनेक अंगणांतली माती खोदून नेली आणि तिथे स्वच्छ माती भरली. एखादं विष बनवणं थांबवलं, तरी ते मातीतून काढायला पुढच्या पिढ्यांना राबावं लागतं.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा.
अ) डीडीटी कशाकशाला चिकटतं?
आ) कारखाना बंद झाल्यावर नदीतल्या गाळाचं काय केलं?
२. योग्य क्रम लावा: रॉबिन, माती, गांडूळ.
३. 'जमिनीत पुरलं म्हणजे संपलं' हे तुम्हाला पटतं का? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा: "मलेरियासाठी घराच्या भिंतींवर डीडीटी फवारायला माणसं यायची, ते तुम्हाला आठवतं का?" त्यांचं उत्तर वर्गात सांगा.