झोपेच्या तक्रारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र

नाशिक जिल्ह्यात रात्र सर्वांसाठी विश्रांतीची नसते. जेथे शेतीपंपाला रात्रीच वीज मिळते, तेथे शेतकरी मध्यरात्री उठून कांद्याला पाणी भरतो. सातपूर-अंबडचे कारखाने आणि मालेगावचे यंत्रमाग पाळ्यांत चालतात. मुंबई-आग्रा महामार्गावर मालमोटारी रात्रभर धावत असतात. अशा जिल्ह्यात ‘झोप लागत नाही’ ही तक्रार आरोग्य केंद्रात वारंवार यावी, यात नवल नाही. मात्र तिला केवळ झोपेची गोळी हे उत्तर नव्हे. झोप बिघडणे हे बहुधा लक्षण असते. त्यामागील कारण शोधणे हेच प्राथमिक उपचाराचे खरे काम होय.

हे कारण शोधण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. रुग्ण कोणत्या वेळी झोपतो व उठतो? रात्री जाग किती वेळा येते? दिवसा काम करताना डुलकी लागते काय? घोरताना श्वास मध्येच थांबतो काय? शेवटचा प्रश्न घरच्या माणसांना विचारावा, कारण रुग्णाला स्वतःला ते कळत नाही.

या प्रश्नांतून प्रमुख विकार ओळखता येतात. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, तर तो जुनाट निद्रानाश समजावा. पहाटे फार लवकर जाग येऊन मन उदास राहत असेल, तर नैराश्याची शक्यता पाहावी. मोठ्याने घोरणे, श्वास अडखळणे आणि दिवसा पेंग येणे ही झोपेतील श्वासरोधाची चिन्हे होत. असे रुग्ण पुष्कळदा स्थूल असतात व त्यांचा रक्तदाबही वाढलेला आढळतो. अंथरुणावर पडताच पायांत वळवळ होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील, तर लोहाची कमतरता तपासावी. गरोदर स्त्रियांत ही तक्रार विशेष आढळते.

श्वासरोधाच्या रुग्णास झोपेची गोळी देणे धोक्याचे ठरू शकते, कारण काही गोळ्यांनी श्वासाचा अडथळा वाढतो. मद्याचाही परिणाम तसाच होतो. अशा रुग्णास, विशेषतः तो वाहनचालक असल्यास, जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. त्याची पेंग इतरांच्याही जिवावर बेतू शकते.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार सवयी बदलण्याचा आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सायंकाळनंतर चहा आणि झोपण्यापूर्वी तंबाखू वा मिश्री टाळावी. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. वीसएक मिनिटांत झोप न लागल्यास उठून बसावे व पेंग आल्यावर परतावे. गोळी वैद्यकीय सल्ल्याने आणि थोडेच दिवस घ्यावी. मात्र दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करावी.

शिक्षकांचे साहाय्यही मोलाचे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. म्हणूनच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. वर्गात पेंगणारे मूल आळशी ठरवण्यापूर्वी ते रात्री घोरते काय, तोंडाने श्वास घेते काय, याची पालकांकडे चौकशी करावी. वाढलेल्या टॉन्सिल्समुळेही असे होऊ शकते.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्यासाठी जागा मिळवून देणे हे आरोग्याचेही कार्य आहे. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा टेलिमानसचा निःशुल्क क्रमांक आरोग्य केंद्राच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. गावाची रात्र शांत झाली, तर गावाचा दिवस निश्चितच अधिक सुरक्षित होईल.