बियाण्याची मुक्तता आणि कंपन्यांचा सहभाग
परभणीच्या वाणांवरून एक अभ्यास

खरीप हंगाम जवळ आला की परभणीच्या बाजारपेठेतील कृषी सेवा केंद्रांत दोन पुड्या सहज शेजारी शेजारी दिसतात. एक असते 'परभणी क्रांती' या भेंडीची आणि दुसरी संकरित बीटी कपाशीची. दोन्ही पुड्यांवर खाजगी कंपन्यांची नावे असू शकतात. तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. भेंडीच्या पिकातील निवडक फळे वाळवून धरलेले बी पुढील वर्षी पेरले तर तीच भेंडी येते. फक्त दुसऱ्या वाणाच्या भेंडीपासून पीक पुरेसे दूर असावे लागते. कपाशीची सरकी मात्र पुन्हा पेरून उपयोग नसतो. तिच्यासाठी दरवर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. बी विकणारा दोन्हीकडे खाजगी असूनही शेतकऱ्याचे स्वातंत्र्य सारखे का नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका व्यापक वादाचा परिचय करून घेणे आवश्यक ठरते.

वादाचे मूळ

हा वाद प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो शेतीत नव्हे, तर संगणकाच्या क्षेत्रात. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांची मालिका होय. ती कशी लिहिली आहे हे पाहण्याचा, तीत सुधारणा करण्याचा आणि ती इतरांस देण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असावा, या भूमिकेतून अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्याची घोषणा केली. १९८९ साली त्यांनी एक परवाना प्रसृत केला. हे साहित्य कोणीही घ्यावे, सुधारावे, विकावेदेखील. मात्र ते पुढे देताना घेणाऱ्यास तेच अधिकार द्यावेत, अशी त्याची अट होती. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. विक्रीस या परवान्याचा विरोध नव्हता. दार बंद करण्यास होता.

१९९८ साली याच चळवळीतील काही मंडळींनी 'ओपन सोर्स' हे नवे नाव पुढे केले. नीतीची भाषा बाजूला ठेवून उपयुक्ततेची भाषा बोलली तर कंपन्या पुढे येतील, पैसा व मनुष्यबळ आणतील, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. तो पुष्कळ अंशी खरा ठरला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या लिनक्सचा मोठा भाग आज कंपन्यांचे पगारी अभियंते लिहितात. परंतु कठोर पक्षाची शंकाही निराधार नव्हती. लिनक्सवर उभी राहिलेली रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि २०२३ साली तिच्या मुख्य प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवण्याऐवजी मुख्यतः ग्राहकांपुरती देण्याचे धोरण जाहीर झाले. कंपनी आली म्हणून काम वाढले. मालकी बदलल्यावर दाराची फट मात्र अरुंद झाली.

सॉफ्टवेअरकडून बियाण्याकडे

हाच विचार पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी उचलला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या परिसरात २०१२ साली मुक्त बियाण्यांचा उपक्रम सुरू झाला. प्रारंभी तेथेही कायदेशीर परवाना लिहिण्याचा प्रयत्न झाला. पण तो इतका लांबलचक व किचकट होऊ लागला की बियाण्याच्या पुडीवर छापणे अशक्य झाले. अखेर त्या मंडळींनी छोट्या प्रतिज्ञेवर समाधान मानले: हे बी हवे तसे वापरा, मात्र त्यावर किंवा त्यापासून काढलेल्या वाणावर इतरांस अडवणारा हक्क सांगू नका. जर्मनीतील एका संस्थेला हे अपुरे वाटले. तिने २०१७ साली 'सनविवा' नावाच्या टोमॅटोच्या वाणासोबत बंधनकारक परवानाच दिला. एका बाजूस नैतिक बंधन, दुसऱ्या बाजूस कायद्याचे बंधन. मुक्ततेचा पुरस्कार करणाऱ्यांतही मतभेद असतात ते असे.

आपल्याकडे हा प्रश्न परवान्याच्या भाषेत क्वचितच मांडला गेला. परंतु प्रत्यक्षात तो मराठवाड्याच्या शेतात कित्येक वर्षांपासून उभा आहे. १९७२ साली परभणी येथे स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, ज्यास २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे, त्याच्या वाणांच्या इतिहासात तो स्वच्छ वाचता येतो.

परभणी क्रांती : उघडे दार

भेंडीवरील पिवळा शिरा मोझॅक हा विषाणूजन्य रोग शेतकऱ्यांचा जुना शत्रू. 'पुसा सावनी' हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा वाण लोकप्रिय होता, पण कालांतराने तो या रोगास बळी पडू लागला. परभणीच्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर केला, पुढील पिढ्यांत काटेकोर निवड केली आणि रोगास दाद न देणारा स्थिर वाण सिद्ध केला. तोच 'परभणी क्रांती'. हा सरळ वाण असल्यामुळे अनेक कंपन्यांनी त्याचे बी तयार करून देशभर विकले. विद्यापीठाने दुकाने उघडली नाहीत, तरी परभणीचे नाव दूरदूरच्या भाजीमळ्यांत पोहोचले.

येथे व्यवहारवादी पक्षाचे म्हणणे पूर्णपणे सिद्ध होते. विद्यापीठाचे काम संशोधनाचे. हजारो क्विंटल बियाणे तयार करणे, साठविणे व गावोगाव पोहोचविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. शेजारच्या जालना येथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिको कंपनीचा पायादेखील पुसा सावनी या सार्वजनिक वाणाच्या बीजोत्पादनातूनच घातला गेला. सार्वजनिक संशोधन आणि खाजगी उद्योग यांचे नाते मराठवाड्यास नवे नाही. परभणी क्रांतीच्या बाबतीत कोणा एकाची मक्तेदारी नव्हती, आणि सरळ वाण असल्याने शेतकऱ्याच्या हातातील बीही जिवंत राहिले. येथे मुक्ततेचे रक्षण करारापेक्षा वाणाच्या स्वभावानेच केले.

नांदेड-४४ : मिटलेले दार

कपाशीची कथा वेगळी आहे. विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. 'नांदेड-४४' या नावाने तो कोरडवाहू शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. पण तो संकरित. दोन भिन्न जनकांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीत जो जोम दिसतो, तो पुढील पिढीत विस्कळीत होतो. म्हणून त्याचे बी दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. हे कुलूप निसर्गाचेच होते; मात्र त्याची किल्ली, म्हणजे जनक वाण, सार्वजनिक संस्थेकडे होती.

२००२ साली केंद्र शासनाने बीटी कपाशीस मान्यता दिली, तेव्हा पहिले तीनही वाण महिकोचे होते आणि त्यातील जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचे होते. बोंडअळीस रोखणारे हे जनुक भारतात प्रामुख्याने संकरित वाणांतच घातले गेले. अमेरिका, चीन व ऑस्ट्रेलिया येथे ते सरळ वाणांतही उपलब्ध होते. त्यामुळे येथे निसर्गाच्या कुलपावर जनुकाच्या परवान्याचे दुसरे कुलूप बसले. आरंभी ४५० ग्रॅमच्या पुडीस सुमारे १६०० रुपये मोजावे लागत, आणि त्यात जनुकाच्या शुल्काचा वाटा फार मोठा होता. २००६ साली राज्यांनी किमतीवर मर्यादा घातल्या. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २०१६ साली केंद्राने बीजी-२ पुडीची कमाल किंमत ८०० रुपये व जनुकाचे शुल्क ४९ रुपये ठरविले. बीटी नसलेले नांदेड-४४ तोवर बाजारातून मागे पडले होते.

सार्वजनिक क्षेत्राने उत्तर देण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने 'बिकानेरी नरमा' हा बीटी सरळ वाण तयार केला. २००९ साली तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. त्याचे बी पुन्हा पेरता येणार होते. तेच जनुक नांदेड-४४ मध्येही आणण्यात आले होते. परंतु या बियाण्यात मोन्सॅन्टोचेच जनुक असल्याचे आढळले आणि विक्री थांबवावी लागली. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रकरणाची चौकशी केली. सार्वजनिक असणे एवढीच गुणवत्तेची हमी नव्हे, हा या प्रकरणाचा कटू धडा होय. पुढे विद्यापीठ व 'महाबीज' यांच्या करारातून नांदेड-४४ चे बीजी-२ रूप शेतकऱ्यांपुढे आले. पण तोपर्यंत बराच काळ लोटला होता, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीजी-२ चे संरक्षणही भेदल्याचे राज्यभर दिसून आले. अलीकडच्या वर्षांत नांदेड केंद्राने एनएच १९०१ बीटी, एनएच १९०२ बीटी व एनएच १९०४ बीटी हे सरळ वाण सिद्ध केले आहेत. सरळ वाण असल्याने त्यांचे बी शेतकऱ्यास राखता येते, ही त्यांची मोठी जमेची बाजू होय.

दोन्ही पक्षांतील तथ्य

कठोर पक्ष म्हणतो की बियाणे हा समाजाचा ठेवा आहे. कंपनीचा हात लागला की तो ठेवा हळूहळू मालमत्ता बनतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीज बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा कार्याकडे पाहता या भूमिकेचे बळ पटते. कपाशीचा अनुभवही तिला दुजोरा देतो.

व्यवहारवादी पक्ष म्हणतो की प्रयोगशाळेतील वाण शेतात पोहोचला नाही तर त्या मुक्ततेचा उपयोग काय? परभणी क्रांतीचा अनुभव त्याच्या बाजूने आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००० साली ज्वारी व बाजरीच्या संकरित जनकांसाठी खाजगी कंपन्यांचा गट बनविला. कंपन्यांनी वर्गणी द्यावी, जनक वाण घ्यावेत, पण कोणा एकासच ते मिळू नयेत, असे त्याचे स्वरूप होते. याच इक्रिसॅटच्या सहकार्याने विद्यापीठाने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली.

दोन्ही बाजू नीट तपासल्या तर असे दिसते की खरा प्रश्न कंपनी असावी की नसावी हा नाही. कंपनी आत आल्यानंतर दार कोणाच्या हाती राहते, हा आहे. सार्वजनिक वाण कंपनीस देताना पुढील बाबी पाहिल्या गेल्या पाहिजेत. हक्क एकाच कंपनीस दिला जात आहे की अनेकांस? कराराची मुदत किती? मूळ पैदासकार बियाणे किंवा जनक वाण विद्यापीठाकडेच राहतात काय? पुडीवर वाणाचे मूळ नाव राहते की त्यास नवे व्यापारी नाव चिकटते? त्या वाणापासून दुसऱ्या संशोधकास नवा वाण काढता येईल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतकऱ्याने बी राखण्यास अडथळा येतो काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर कंपनी ही वाहक ठरते; नसतील तर ती मालक होते.

गावपातळीवरील कर्तव्य

या बाबतीत भारताचा कायदा शेतकऱ्यास बराच अनुकूल आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास संरक्षित वाणाचे बीदेखील राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देवाणघेवाण करणे व विकणे हे अधिकार आहेत. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेसह पुडीबंद करून विकता येत नाही. वाणाने दिलेले वचन पाळले नाही तर भरपाई मागण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणांची नोंदणीही या कायद्याखाली करता येते.

अधिकार कागदावर असून चालत नाही. तो वापरात असावा लागतो. सोयाबीन हे स्वपरागीत पीक असल्याने एमएयूएस-७१ सारख्या परभणीच्या वाणाचे घरचे बी राखणे सहज शक्य आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यानंतर घरच्या बियाण्याचे महत्त्व अनेकांस नव्याने पटले. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने ठेवून गुंडाळी करावी, ती ओलसर राखावी आणि ७० किंवा अधिक दाणे सशक्तपणे उगवले तर बी पेरणीयोग्य समजावे. शाळेतील विद्यार्थीही ही चाचणी करू शकतात. शिक्षकांनी ती वर्गात घेतली तर विज्ञानाचा पाठ व गावाची गरज दोन्ही साधतील. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवहीत गावातील जुन्या ज्वारी, तूर व भाजीपाल्याच्या वाणांची नावे, त्यांचे गुण व ते राखणाऱ्या कुटुंबांची माहिती त्यांच्या संमतीने नोंदवावी. उद्या एखाद्या वाणावर कोणी हक्क सांगू लागल्यास हीच नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते.

संगणकाच्या जगातील दोन पक्षांचा वाद अद्याप मिटलेला नाही आणि बियाण्याचाही इतक्यात मिटणार नाही. परंतु वाद चालू असतानाही हंगाम थांबत नाही. कृषी अधिकारी करारावर सही करतो, दुकानदार पुडी देतो, शेतकरी ती पेरतो. यांपैकी प्रत्येक ठिकाणी 'पुढच्या वर्षी हे बी कोणाच्या हाती असेल?' एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर परभणीच्या शास्त्रज्ञांनी सार्वजनिक पैशातून घडविलेले वाण जनतेचेच राहतील.