संतचरित्राच्या जुन्या छापील प्रती

आपल्या सांप्रदायिक घरांतून देव्हाऱ्याच्या फळीवर, नाहीतर माळ्यावरच्या पेटीत, तांबड्या फडक्यात बांधलेली एखादी जुनी पोथी असतेच. पाने पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. मग एक दिवस ठळक टायपाची नवी प्रत घरात येते आणि कोणीतरी म्हणतं, "जुनी आता इंद्रायणीत सोडून द्या." हेतू वाईट नसतो. ग्रंथाचा अवमान होऊ नये, पायदळी येऊ नये, एवढीच भावना. तथापि आम्ही वाचकांस विचारतो, की इंद्रायणीत सोडावयाचे कागद कोणते आणि जपावयाचे कोणते?

याचे उत्तर तुकोबारायांच्या चरित्रातच आहे. इंद्रायणीच्या डोहात दोन प्रकारचे कागद गेले. पहिले कर्जखतांचे. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना देऊन, आपल्या वाट्याची खते महाराजांनी आपण होऊन बुडविली. ती वर आली नाहीत, यावीत अशी कोणाची इच्छाही नव्हती. दुसरे कागद अभंगांच्या वह्यांचे. त्या रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून बुडवाव्या लागल्या. त्यांच्यासाठी महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसले आणि त्या कोरड्या वर आल्या, अशी आपली परंपरा सांगते. म्हणजे देण्याघेण्याचा कागद बुडवावा आणि हरिनामाचा कागद तारावा, हा धडा महाराजांनी आचरणाने घालून दिला. मग जे इंद्रायणीने ठेवून घेतले नाही, तेच आपण आपल्या हातांनी तिला का द्यावे?

हे चरित्र आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः महिपतीबुवांमुळे. ताहराबादचे हे कुलकर्णी. जन्म सन १७१५ चा, देहावसान १७९० चे. तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला, असे ते मानीत. त्यांनी 'भक्तविजय' शके १६८४ मध्ये पुरा केला आणि 'भक्तलीलामृत' शके १६९६ मध्ये. भक्तलीलामृताचे २५ ते ४० हे सोळा अध्याय तुकोबांचे चरित्र सांगतात. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की महिपतीबुवा स्वतःच मोठे संग्राहक होते. नाभाजींची भक्तमाळ आणि उद्धवचिद्घनांचे लेखन यांचा आधार आपण घेतला, असे त्यांनी भक्तविजयात मोकळेपणी सांगितले आहे. त्यांच्या आधीच्यांनी कागद जपले म्हणून त्यांना लिहिता आले. तेव्हा जुन्या प्रती गोळा करणे हे काही परक्यांचे खूळ नव्हे.

छापखाना आल्यावर हे धन घरोघर पोहोचले. सन १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा दोन भागांत निघाली. सरकारने तिला २४,००० रुपये दिले होते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते पाहून ती सिद्ध केली. या गाथेला आरंभी जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी इंग्रजीत लिहिलेले तुकोबांचे चरित्र जोडलेले आहे. ती प्रत कोणाकडे असेल तर 'इंग्रजी पाने आपल्या काय कामाची' म्हणून ती काढू नयेत. पुढे 'मुमुक्षु'कार ल. रा. पांगारकर यांचे तुकाराम-चरित्र १९२० साली आले, आणि १९३० साली जस्टिन ॲबट या अमेरिकन पाद्र्याने महिपतींचे ते सोळा अध्याय इंग्रजीत नेले.

आता कोणी म्हणेल, मजकूर तोच असताना पहिल्याच आवृत्तीचं एवढं काय? कारण मजकूर नेहमी तोच राहत नाही. पुढल्या आवृत्तीत लेखक मत बदलतो, प्रकाशक प्रस्तावना गाळतो, जुळारी ओवीतला शब्द चुकवतो, आणि तीच चूक पुढे पाठ होऊन बसते. तुकोबांच्या जन्मशकाचेच पाहा. राजवाड्यांनी शके १४९० धरला, पांगारकरांनी १५३०. चाळीस वर्षांचे अंतर! कोणी काय, केव्हा आणि कशाच्या आधारे म्हटले, हे त्या त्या पहिल्या प्रतीवाचून ठरवता येत नाही. झऱ्याचे पाणी झऱ्याशीच पाहावे.

प्रत ओळखण्याची रीत अवघड नाही. प्रथम मुखपृष्ठ व शेवटचे पान पाहावे. तेथे छापखान्याचे नाव, गाव आणि शक असतो. शकात ७८ मिळविले की बहुधा इसवी सन येतो. १७९१ मध्ये ७८ मिळवा, १८६९ झाले. सन १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर छापणाराचे नाव व ठिकाण घालणे २०२४ साली तो रद्द होईपर्यंत बंधनकारक होते, त्याचाही उपयोग होतो. 'आवृत्ती दुसरी' असे शब्द कोठे आहेत का, ते नीट पाहावे. अक्षर हाताने लिहिल्यासारखे वळणदार असेल तर ती शिळाप्रेसची प्रत. सुटी, एकसारखी अक्षरे असतील तर खिळ्यांची. मुखपृष्ठ गेले असले तरी प्रत टाकू नये. पणजोबांनी समासात लिहिलेली पारायणाची तिथीसुद्धा तिचे वय सांगते.

जपणूकही साधीच आहे. पोथी निरांजन, कापूर, उदबत्ती यांपासून दूर ठेवावी. गंध, बुक्का, हळदकुंकू वेष्टनाला वाहावे, पानांना नव्हे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने कागद खातो. स्वच्छ, रंग न जाणाऱ्या सुती कापडात बांधावी आणि पावसाळा सरला की सावलीत वारा द्यावा, कडक ऊन नको. एकदा सगळ्या पानांची मोबाईलवर चित्रे घेऊन ठेवावीत आणि रोजच्या पारायणाला नवी प्रत वापरावी. घरी सांभाळणे होतच नसेल तर ग्रंथसंग्रहालय आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सन १८९८ पासून आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच सेवेत आहे.

एक शंका मात्र खरी आहे. वारकऱ्याने संग्रह करावा का? गळ्यात माळ, खांद्यावर पताका, याहून त्याला काय हवे? आमचे म्हणणे असे, की दोष वस्तूत नाही, 'माझी' म्हणण्यात आहे. पहिली आवृत्ती मिळाली म्हणून कुलपात ठेवली, चार जणांत मिरवली, किंमत वाढेल म्हणून अडवून धरली, तर ते पुन्हा कर्जखतच झाले. त्याची जागा डोहात. पण तीच प्रत गावच्या कीर्तनकाराला पाठ ताडून पाहायला दिली, अभ्यासकाला उघडून दाखविली, तर ती सेवा होय. पोथीचा धनी होऊ नये, राखणदार व्हावे.

तेव्हा येत्या एकादशीला घरची फडकी सोडावीत, शेवटचे पान वाचावे, शक टिपून ठेवावा. नदीला फूल वाहावे, तुळस वाहावी. पोथी घरी परत आणावी.

रामकृष्णहरि.